दोन ओहमच्या खाली

लग्नाच्या मांडवात शिरलं की नवरदेवाचा एखादा काका हमखास विचारतो, ‘‘साउंडवाले कुठे बसलेत?’’ मी म्हणते, मीच. तो माझ्या मागे बघतो. तिथे कुणी नसतं. मग पुन्हा माझ्याकडे बघून म्हणतो, ‘‘बरं, माईक चेक करून घ्या.’’ जळगावच्या एका साउंड सर्व्हिसमध्ये मला सात वर्षं झाली, पण या काकांना द्यायचं उत्तर अजून सुचलेलं नाही.

कामाबद्दल लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नकोच म्हटलं होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात बोलायची, आणि घरातही मी कमीच बोलायची. या धंद्यात मी टिकले त्याचं एक कारण बहुधा हेच, की इथे दुसऱ्यांचं बोलणं मोठं करायचं असतं. पण न बोलण्यापायी एकदा मी एक मोठा कार्यक्रम जवळजवळ बुडवला होता. त्याबद्दल लिहायला हरकत नाही.

आमचे मालक नाना असोद्याचे. घरची केळीची बाग, आणि शहरात साउंडचं गोदाम. डिप्लोमा करून मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘कंटाळा येतो का?’’ मी नाही म्हटलं. ‘‘मंग उद्यापासून ये.’’ या कामात कंटाळ्याला खरंच फार जागा आहे. सहा तास मांडणी, दोन तास वाट बघणं, वीस मिनिटं पुढाऱ्यांची भाषणं. एका सत्काराला एक सद्‌गृहस्थ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले होते, ‘‘आमच्या साहेबांचा आवाज जरा भारदस्त करा, आणि त्यांच्या आधी बोलतील त्यांचा जरा बारीक.’’ मी मान हलवली आणि काहीच केलं नाही. कार्यक्रमानंतर ते येऊन म्हणाले, ‘‘मस्त फरक पडला.’’

आता अर्थिंगबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रत्येक यंत्रातून थोडीफार चुकार वीज बाहेर पडायला बघते. तिला जमिनीत उतरायला वाट करून द्यायची, ती वाट म्हणजे अर्थिंग. खड्डा खणायचा, त्यात सळई किंवा तांब्याची पत्री पुरायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं आणि पाणी घालत राहायचं. ओल असेल तर वीज मुकाट खाली जाते. नसेल तर ती यंत्राच्या पत्र्यावर रेंगाळते. मग स्पीकरमधून सतत ‘हम्म्म’ असा आवाज येतो, आणि पत्र्याला हात लावणाऱ्याला झिणझिण्या येतात, कधी त्याहून वाईट. नशिराबादच्या एका हळदीत गायिकेने माईक ओठांना लावला आणि किंचाळून फेकून दिला. पाहुण्यांना तो गाण्याचाच भाग वाटला, त्यांनी शिट्ट्या मारल्या. त्या दिवसापासून मी कुठेही गेले तरी पहिल्यांदा जमीन बघते.

आमच्याकडची काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढी फाटते. त्यावर नानांनी स्वतःचा एक उपाय काढलाय. बागेतून काढलेली जुनी ठिबकची नळी ते गोदामात ठेवतात, आणि मोठ्या कामाला अर्थिंगच्या खड्ड्यावर सोडतात. शेजारी पाण्याची टाकी. थेंब थेंब पाणी दिवसरात्र पडत राहतं. ‘‘केळीले जमतं, तं सळईले कायले नाही जमनार?’’ असं त्यांचं म्हणणं. बाहेरगावचे साउंडवाले हसतात. नंतर फोन करून ठिबकचं दुकान कुठे ते विचारतात.

तर, गेल्या उन्हाळ्यात धुळ्याहून फोन आला. तिथे एक सूतगिरणी बंद पडलेली आहे. मालकांची दोन मुलं बाहेर शिकून आली. त्यांनी गिरणीच्या मोकळ्या आवारात एका संध्याकाळचा उन्हाळी संगीत महोत्सव करायचं ठरवलं. त्यात वाजवणार होता परदेशातला एक गट. करारात तशी अट आहे म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही. दोन पुरुष आणि एक बाई, तिघंही सत्तरीच्या आसपास. मुंबईचा कार्यक्रम करून ते महामार्गाने इंदूरला निघाले होते, धुळं वाटेत पडलं.

नाव ऐकल्यावर मी फोन टेबलावर ठेवला आणि गोदामाच्या मागे जाऊन उभी राहिले. कुणासमोर नाचायची मला सवय नाही. तिथे मात्र मी दोन उड्या मारल्या.

यंत्रांतून संगीत काढायला फारसं कुणी धजत नव्हतं तेव्हा या तिघांनी ते सुरू केलं. स्वतः सोल्डर करून वाद्यं बनवली. आज आमच्या हळदीला अहिराणी गाण्यांवर जो यंत्राचा ठेका वाजतो, तोही पाच-सात हात फिरून त्यांच्याकडूनच आलेला आहे, हे त्यावर नाचणाऱ्या मामा-मावशींना ठाऊक नसतं. डिप्लोमाची दोन वर्षं मी त्यांच्या ध्वनिमुद्रणांवर काढली. वसतिगृहातल्या मुलींना वाटायचं मी अभ्यास करते.

‘‘नाना, तुम्ही येणार ना?’’ मी विचारलं.

‘‘मले भुसावळचं लग्न हाये. तुले येतं ना समदं? मंग मी कायले येऊ? तूच पाय.’’

एवढं मोठं काम पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या अंगावर होतं.

दोन दिवस आधी ट्रक आत घेतला. फाटकाशी बाजेवर एक म्हातारा बसलेला होता, गिरणीचा राखणदार. हिरामण आबा. साक्रीकडचे, अहिराणी बोलणारे. रिंग-खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जातं त्या विभागात, तीस वर्षं नोकरी; गिरणी बंद झाली तरी हे फाटकावर राहिले. एकेक पेटी उतरताना त्यांनी मोजली आणि म्हणाले, ‘‘इतलं मोठं खटलं कसाले आनं माय?’’

‘‘कार्यक्रम आहे,’’ मी म्हटलं. यापेक्षा जास्त बोलायचं मला सुचलं नाही. आबांनी वाट बघितली, मग तेही गप्प झाले.

त्या दिवशी मांडवाच्या मागे दोन खड्डे खणून सळया पुरल्या. अर्थ टेस्टर म्हणजे जमिनीचा विरोध मोजणारं यंत्र. त्यावर आकडा आला साडेसहा ओहम. त्या तिघांच्या करारात लिहिलं होतं, दोनच्या खाली. ठिबक सोडली, वरून बारदान टाकलं आणि मुकाट दुसऱ्या कामाला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा दीडवर आला. मी नानांना फोटो पाठवला. त्यांनी केळीच्या घडाचं चित्र पाठवलं. त्यांची शाबासकी तीच असते.

तिसऱ्या दिवशी ते आले. पांढऱ्या टोप्या, साधे शर्ट, मे महिन्याचं धुळ्याचं ऊन. बाई गाडीतून उतरल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘वाद्यं सावलीत ठेवा. मी उन्हात राहीन.’’ त्यांचा तंत्रज्ञ योहान उंच, कमी बोलणारा. आम्हा दोघांचं लगेच जमलं, म्हणजे तासभर कुणीच काही बोललं नाही. चाळीस वर्षांची जुनी वाद्यं, लोखंडी पेट्यांसारखी, मी हातमोजे घालून लावली. एका पेटीच्या कोपऱ्यात त्या बाईंनी कधीतरी खिळ्याने कोरलेली खूण होती. ती मी पुस्तकात पाहिलेली होती. आता माझं बोट तिच्यावर होतं.

तीन वाजता तालीम सुरू झाली. मी मुख्य आवाज चढवला आणि स्पीकरमधून आलं, ‘हम्म्म’.

बाईंनी पेटीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. कुणाकडे न बघता हात पोटाशी धरला. योहानने माझ्याकडून टेस्टर घेऊन स्वतः मोजलं. सात.

‘‘काल दीड होता,’’ मी म्हटलं.

‘‘आज सात आहे,’’ तो म्हणाला. आवाज चढवला नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. ‘‘साडेपाचपर्यंत दोनच्या खाली आणा. नाहीतर मी यांना वर चढू देणार नाही.’’

बाहेर गाड्या महामार्गापर्यंत लागायला लागल्या होत्या. नाशिकची, इंदूरची पोरं टोप्या घालून रांगेत उभी. मी मांडवाच्या मागे धावले. बारदान उचललं. खाली माती भाकरीसारखी कोरडी होती. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली आणि तिचा कॉक घट्ट बंद.

‘‘हा कॉक कोणी बंद केला?’’

इतक्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नव्हते. सगळे थांबले. आबा फाटकाकडून सावकाश चालत आले.

‘‘मी कया. काल सांजले. झाड नही, झुडूप नही, नुसती जमीन पी ऱ्हायनी व्हती. आठे मानसले प्याले पानी नही, आनि तुम्ही मातीले पाजी ऱ्हायनात!’’

‘‘आबा, हे अर्थिंग आहे!’’

आबांचा चेहरा बदलला. ते वाकले, मातीतून सळईचं टोक चाचपलं.

‘‘अर्थिंग? आनि त्यानावर बारदान टाकी ठेवं? मंग माले कसं समजी? सांगानं ना माय! तीस वरीस गिरनीमा अर्थिंगले पानी मीच टाकं.’’

तीन दिवस हा माणूस माझ्यापासून चाळीस पावलांवर बसलेला होता. एक वाक्य पुरलं असतं.

आम्ही पाणी ओतायला सुरुवात केली. बादल्या, घागरी, ज्याच्या हाती जे लागलं ते. आबाही ओतत होते. फाटलेली जमीन सगळं गिळत होती. पाणी भेगांतून कुठल्या कुठे जायचं. सव्वाचारला आकडा पाच. साडेचारला चार आणि काही. मग तो हलेना. ओल मुरायला रात्र लागते, ती घाई करून मुरत नाही. मालकांची दोन्ही मुलं फोन कानाला लावून येरझारा घालत होती. थोरल्याने मला विचारलं, ‘‘होईल ना?’’ मी म्हटलं, ‘‘माहीत नाही.’’ खरंच माहीत नव्हतं.

आबा जवळ आले. ‘‘कितला पाहिजे?’’ त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

‘‘दोनच्या खाली.’’

‘‘आमनं तं एकना खाले व्हतं. सायेब दर उन्हायामा मोजेत.’’

‘‘ते कुठे आहे?’’

आबांनी आधी त्या दोघा भावांकडे पाहिलं, मग ट्रकवाल्यांकडे, मग मांडववाल्यांकडे. आणि चालू लागले. मी मागे गेले. आतल्या एका खोलीमागे मोडक्या बॉबिनींनी भरलेले लाकडी खोके एकावर एक रचलेले होते. आबांनी ते एकेक करून बाजूला केले. मला हात लावू दिला नाही. खाली लोखंडी झाकण. झाकण उघडलं आणि थंड, ओल्या मातीचा वास आला. मेमध्ये, धुळ्यात.

‘‘तांबानी पत्री शे. गिरनीनं बठ्ठं तांबं चोरी गयं, भिंतीमधल्या तारासुद्धा. हाई एकच ऱ्हायनी. मालकस्लेभी माहीत नही. कोनले समजनं तं रातमा खंदी लई जातीन.’’

‘‘पण ही ओली कशी?’’

‘‘मी टाकस ना पानी. रोज दोन बादल्या. हातपाय धवानं, भांडा धवानं.’’ मग जरासे ओशाळून म्हणाले, ‘‘मालक बोलनात, गिरनी परत चालू व्हई. तव्हय अर्थिंग कोरडं नको ऱ्हावाले.’’

जो माणूस प्यायचं पाणी मातीत जातं म्हणून आमचा कॉक बंद करतो, तो कितीतरी उन्हाळे स्वतःचं सांडपाणी इथपर्यंत वाहून आणत होता. आणि आज तो ही जागा मला दाखवत होता.

‘‘आबा, तार मी एकटी ओढते. दुसरं कुणी इकडे येणार नाही.’’

त्यांनी मान हलवली.

अर्थिंगची जाड तार हलकी नसते. आमची माणसं मदतीला आली, त्यांना मी परत पाठवलं. ‘‘ताईचं डोकं फिरलं,’’ असं एक जण म्हणाला ते मी ऐकलं. फुटक्या खिडकीतून तार आत घेतली, दोन खोल्यांतून फिरवली, दुसऱ्याच बाजूने बाहेर काढली, म्हणजे तारेचा माग काढत कुणी गेलं तर भिंतीशी थांबावं. हात भाजत होते. पत्रीवरचा हिरवा थर घासला, क्लॅम्प आवळला. मांडवाकडे पळत आले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

योहानने स्वतः मोजलं. मग टेस्टरच्या खुंट्या जमिनीतून उपटून दुसरीकडे ठोकल्या आणि पुन्हा मोजलं. शून्य पूर्णांक आठ.

तो पहिल्यांदा हसला. ‘‘कुठून आणलंस? मला खड्डा बघायचाय.’’

त्याचं ते कामच होतं, आणि त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. इंग्रजी मला येतं. शाळेने दुसरं काही नाही तरी तेवढं नीट शिकवलंय. सगळं समजावून सांगता आलं असतं, तरी मी म्हटलं, ‘‘आकडा हवा तेवढ्या वेळा मोज. खड्डा दाखवता येणार नाही.’’

‘‘का?’’

‘‘तो माझा नाही.’’

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे काही अंतरावर हाताची घडी घालून उभ्या असलेल्या आबांकडे पाहिलं, आणि टेस्टर तिसऱ्यांदा लावला. पुन्हा तेच. ‘‘चला, वाजवू या,’’ तो म्हणाला.

सूर्य गिरणीच्या चिमणीआड गेला तेव्हा मी मुख्य आवाज पूर्ण चढवला. स्पीकरमधून काही नाही. अगदी काही नाही. आमच्या धंद्यात याहून सुंदर आवाज नसतो. पुढ्यात एवढी माणसं उभी, गरम वारा, आणि त्या प्रचंड काळ्या पेट्यांमधून स्वच्छ शांतता येत होती. बाईंनी पेटीवर हात ठेवला. या वेळी तो तिथेच राहिला.

मग पहिला ठोका पडला.

तो कानांत नाही, बरगड्यांत लागला. दुसरा, तिसरा, आणि त्यावर एक बारीक, भरभर फिरणारा सूर. गर्दी एकदम वर उठल्यासारखी झाली. माझ्या अंगावर काटा आला, घामाने भिजलेल्या अंगावर. नाशिकच्या पोरांना सगळं पाठ होतं. कोणता सूर कधी येणार ते त्यांचे हात आधीच सांगत होते. धुळ्याच्या पोरांना काही ठाऊक नव्हतं. पण चौथ्या मिनिटाला त्यांनी वरातीतला नाच सुरू केला, रुमाल दातांत धरून, आणि तो त्या ठेक्यावर असा काही बसला की पुढच्या रांगेतली इंदूरची पोरं त्यांच्याकडून शिकायला लागली. शेजारच्या वस्तीतल्या बाया गच्च्यांवर उभ्या राहून टाळ्या देत होत्या. वाजवणाऱ्यांपैकी एकाने तो रुमालाचा नाच पाहिला, शेजारच्याला कोपर मारलं, आणि त्यांनी तो ठेका ठरल्यापेक्षा कितीतरी लांबवला. हे मला माहीत आहे, कारण त्यांची गाण्यांची यादी, वेळांसकट, माझ्यासमोर होती.

आबांना मी माझ्या टेबलाशेजारी खुर्ची दिली होती. आधी ते कानांवर हात ठेवून बसले. मग हात खाली आले. मग ते उठून उभे राहिले.

‘‘माय!’’ ते माझ्या कानाशी ओरडले. ‘‘हाई तं आमनं रिंग-खातं शे!’’

‘‘काय?’’

‘‘बठ्ठ्या मशिनी एकदम चालू व्हयन्यात ना, का असाच आवाज ये! आयक, आयक... आते धागा तुटना!’’ आणि खरंच त्या क्षणी वरचा सूर थांबला. ‘‘आते जोडा!’’ आबांची दोन बोटं हवेत गाठ मारल्यासारखी फिरली, आणि सूर पुन्हा सुरू झाला. दोनदा ते चुकले. बाकी सगळ्या वेळा त्यांची बोटं बरोबर होती.

नानांचा फोन आला. ‘‘कसं चालू हाये?’’ मी फोन वर धरला. बऱ्याच वेळाने कानाला लावला, तर नाना तिकडून ओरडत होते, ‘‘हमिंग नाही! अजिबात हमिंग नाही!’’ भुसावळच्या लग्नातले वाजंत्री थांबवून ते ऐकत होते म्हणे.

कार्यक्रम संपल्यावर त्या बाई माझ्याजवळ आल्या आणि उजवा हात पुढे केला. डिप्लोमापासून ज्या हाताचा आवाज मी कानांत घेऊन फिरले, तो हात मी धरला. बोलायची कितीतरी वाक्यं मी मनात तयार ठेवली होती. आबांकडे बोट दाखवून मी एवढंच म्हटलं, ‘‘यांच्यामुळे.’’ त्यांनी आबांचाही हात हातात घेतला. आबांनी दुसरा हात आधी धोतराला पुसला, मग तोही वर ठेवला.

सकाळी ट्रक भरून झाल्यावर मी आत गेले. क्लॅम्प सोडला, तार गुंडाळली. आबा दोन बादल्या घेऊन आले. एक त्यांनी ओतली, दुसरी माझ्या हातात दिली. आम्ही झाकण लावलं, वर खोके रचले. या वेळी त्यांनी मला हात लावू दिला.

‘‘तू सांगं नही, मी इचारं नही,’’ ते म्हणाले. ‘‘नहीतं इतलं धावानं नही व्हतं.’’

तेव्हापासून कुठेही ठिबक सोडली की मी त्यावर पाटी लावते, आणि त्या जागेच्या राखणदाराशेजारी जाऊन पाच मिनिटं बसते. काय चाललंय, कशासाठी, पाणी का सोडलंय, सगळं सांगते. माझी अहिराणी ऐकून ते हसतात. हसू देत.

गिरणी अजून बंद आहे. या उन्हाळ्यात धुळ्यावरून जाताना फाटकाशी थांबले होते. आबा बाजेवर होते. शेजारच्या दोन्ही बादल्या रिकाम्या होत्या आणि धोतराच्या काठाला चिखल लागलेला होता, म्हणून मी काही विचारलं नाही.

वाचकांची एका गोष्टीसाठी माफी मागते. वर लिहिलेल्या त्या जागेची खोली, खोके, खिडकी, तारेची वाट, यातलं काहीही खरं नाही. तांब्याची पत्री आहे, ती ओली आहे, आणि ती एकच्या खाली आहे. तेवढं मात्र खरं.